शाफ्ट बदलायचा, पण कुठला? वेगवान गाड्यांच्या ड्राइव्हशाफ्टचा आढावा

जुईनगरच्या एका अंगाला लोकलची कारशेड आहे, दुसऱ्या अंगाला सायन-पनवेल महामार्ग. महामार्ग ओलांडला की शिरवणे-तुर्भ्याचा एमआयडीसी पट्टा लागतो. तिथे शोरूमच्या आडोशाला गॅरेज आणि गॅरेजच्या शेजारी लेथचे कारखाने आहेत. गाडी घेणारा, ती दुरुस्त करणारा आणि तिचा सुटा भाग कातून देणारा अशी तिन्ही माणसे दोन-चार किलोमीटरच्या आत भेटतील असे परिसर महाराष्ट्रात मोजकेच. त्यामुळे रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदललेल्या, टर्बो गाडीचा ड्राइव्हशाफ्ट बदलावा का, आणि बदलायचा तर कुठला घ्यावा, या प्रश्नावर इथे ठाम मतांची कमतरता नाही. मते पुष्कळ आणि मोजमाप थोडे, अशी एकंदर स्थिती आहे. या लेखात त्या मतांची मांडणी आणि जिथे आकडे हाताशी आहेत तिथे त्यांची पडताळणी केली आहे.

आधी कोणत्या शाफ्टबद्दल बोलायचे ते ठरवू. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्समधून डाव्या आणि उजव्या चाकाकडे एकेक दांडा जातो. गॅरेजात त्याला ‘एक्सल’ म्हणतात आणि त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटला ‘कप’. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत यांच्या आधी एक लांब नळी असते, ती प्रोपेलर शाफ्ट. तिच्या टोकाचा सांधा म्हणजे ‘क्रॉस’. आपल्याकडच्या हौशी गाड्या बहुतेक पहिल्या प्रकारच्या आहेत, म्हणून लेखाचा भरही त्यांच्यावर आहे.

मागची गोष्ट

क्रॉसचा सांधा जुना आहे. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला, म्हणून पाठ्यपुस्तकांत तो आजही हूकचा जॉइंट आहे. त्याची खोड अशी की दोन दांडे कोनात असले की बाहेर पडणारी गती एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. कोन ३० अंशांचा असेल तर ती आत येणाऱ्या गतीच्या साधारण ८७ टक्के ते ११५ टक्के अशी हेलकावते. जे चाक वळतेही आणि ओढतेही, त्याला असा सांधा चालत नाही. फ्रान्समध्ये पिएर फनाय आणि जाँ-आल्बेर ग्रेगवार यांनी १९२६ मध्ये ट्राक्टा जॉइंट आणला. त्याच दशकात फोर्डमधला अभियंता आल्फ्रेड झेपा याने सहा गोळ्यांचा समगती सांधा तयार केला. १९५९ च्या मिनीने तो जगभरच्या छोट्या गाड्यांत नेला. आजच्या गाडीतला बाहेरचा कप मुळात झेपाचाच आहे.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले. अँबॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी या दोन्ही मागच्या चाकांवर चालत, त्यामुळे मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या दोन-तीन पिढ्यांना क्रॉसचा ‘खट्’ आवाज ओळखीचा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कप, बूट, सर्कलिप हे शब्द गॅरेजात रुळले. तरी शाफ्ट हा सुधारण्याचा भाग आहे ही कल्पना त्यानंतरही बरीच वर्षे कुणाच्या मनात नव्हती. कारण सरळ होते, तेवढी ताकदच नव्हती.

ती गेल्या बारा-पंधरा वर्षांत आली, आणि बरीचशी महाराष्ट्रातल्याच कारखान्यांतून आली. चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये बाजारात आली, रांजणगावची पुंटो अबार्थ २०१५ मध्ये १४५ अश्वशक्ती आणि २१२ न्यूटन-मीटर घेऊन. २०१७ मध्ये ऑक्टेव्हिया व्हीआरएस आली ती २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटरसह. २०२२ पासून चाकणच्याच व्हर्टस जीटीत १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर मिळू लागले. टर्बो इंजिनाला सॉफ्टवेअर बदलून आणखी चौथा हिस्सा टॉर्क सहज मिळतो, आणि तो मिळाला की पुढचा प्रश्न शाफ्टचा येतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ‘द व्हॅली रन’सारख्या ड्रॅग शर्यतींनी त्या प्रश्नाला धार दिली. उभ्या गाडीतून जोरात सुटणे हाच शाफ्टवरचा सर्वांत वाईट प्रसंग असतो.

जोर येतो कुठून

चर्चेतला सर्वांत मोठा गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून हिशेब करू. इंजिन २५० न्यूटन-मीटरचे आहे आणि पहिला गिअर व फायनल ड्राइव्ह यांचा गुणाकार १५ आहे असे धरू. पुढच्या ॲक्सलवर ३,७५० न्यूटन-मीटर यायला हवेत, म्हणजे प्रत्येक शाफ्टवर १,८७५. आता टायरकडे पाहा. पुढच्या चाकांवर ७५० किलो वजन, कोरड्या डांबरावर ०.९ घर्षण आणि चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर धरली, तर दोन्ही टायर मिळून साधारण २,०५० न्यूटन-मीटरच पेलू शकतात. त्याहून जास्त दिले की चाक जागीच फिरते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर स्थिर असा जोर येतो तो बाजूला हजारभरच. इंजिन २५० वरून ३३० ला नेले तरी तो वाढत नाही, धूर तेवढा वाढतो.

तिसऱ्या गिअरमध्ये गुणाकार सहाच्या आसपास असतो. तिथे २५० चे १,५०० होतात आणि ३३० चे १,९८०. दोन्ही टायरच्या मर्यादेत बसतात, म्हणून रीमॅपचा खरा भार इथे जाणवतो. मात्र पहिल्या गिअरमध्ये शाफ्टने जो जोर आधीच सोसला होता, त्याहून तो जास्त नाही.

मग शाफ्ट तुटतात कशाने? दोन गोष्टींनी. पहिली, चिकट टायर. सेमी-स्लिक टायर लावून घर्षण ०.९ वरून १.२ झाले की मर्यादा एक-तृतीयांशाने वर सरकते. दुसरी गोष्ट म्हणजे धक्का. ४,५०० आरपीएमवर क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एका झटक्यात शाफ्टमध्ये उतरते. चाक पकडते, सुटते, पुन्हा पकडते, आणि अशा ‘व्हील हॉप’मध्ये प्रत्येक पकडीला वरच्या हिशेबापेक्षा बराच मोठा जोर क्षणभर येऊन जातो. त्यामुळे ‘माझी गाडी किती अश्वशक्तीची आहे, कुठला शाफ्ट घेऊ?’ हा प्रश्नच अपुरा आहे. टायर कुठला, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, आणि गाडी सोडतो कशी, या तीन उत्तरांशिवाय शाफ्टचे माप ठरत नाही. परदेशी विक्रेते शाफ्टवर अश्वशक्तीचा आकडा छापतात. गिऱ्हाइकाला समजायला तो सोपा, पण शाफ्टला अश्वशक्ती कळत नाही.

कोण काय म्हणते

पहिला पक्ष मूळ शाफ्टवाल्यांचा. गाडी रोज चालवायची आहे, टायर रस्त्याचे आहेत, रीमॅप साधा आहे, तर कंपनीचा शाफ्ट पुरतो, असे त्यांचे म्हणणे. वरचा हिशेब त्यांच्या बाजूने जातो. त्यांचा दुसरा मुद्दा नवी मुंबईत विशेष लागू आहे. इथे शाफ्ट जोराने मरत नाहीत, बूट फाटल्याने मरतात. पावसाळ्यात खड्ड्यातले पाणी आणि खडीची भुकटी फाटलेल्या रबरातून आत जाते, ग्रीस वाहून जाते आणि महिन्याभरात वळणावर टकटक सुरू होते. अशा वेळी गाडीमालक ‘पॉवर जास्त झाली म्हणून कप गेला’ असा निष्कर्ष काढून महागडा शाफ्ट मागवतो. खरे तर बूट, क्लॅम्प आणि योग्य ग्रीस वेळेवर बदलले असते तर काम झाले असते.

दुसरा पक्ष जाड आणि चांगल्या पोलादाच्या शाफ्टचा. यांच्या म्हणण्यात दोन वेगळी विधाने मिसळलेली असतात, ती सुटी करायला हवीत. जाडीचा फायदा पक्का आहे. पिळाचा ताण व्यासाच्या घनाने कमी होतो. हजारभर न्यूटन-मीटरला २४ मिलिमीटरच्या दांड्यात साधारण ३८० मेगापास्कल ताण येतो आणि २६ मिलिमीटरच्या दांड्यात ३००. दोन मिलिमीटरांत सव्वापट ताकद. ताठपणा तर चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे इथे सुमारे ३८ टक्के. फोक्सवॅगन परिवारात आतल्या जॉइंटची १०० आणि १०८ मिलिमीटर अशी दोन मापे मिळतात. ताकद वाढवणारे लोक छोट्यावरून मोठ्यावर जातात, त्यामागे हेच साधे गणित आहे.

पोलादाचा मुद्दा जरा नाजूक आहे. कारखान्यातला शाफ्ट मध्यम कार्बनच्या पोलादाचा असतो. त्याचा पृष्ठभाग इंडक्शनने कडक केलेला आणि गाभा चिवट ठेवलेला असतो. वाढीव शाफ्ट ४३४० किंवा ३००एमचे असतात. ४३४० म्हणजे आपल्या लेथवाल्यांचे ईएन २४ जवळपास तेच, निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचे. ३००एम म्हणजे त्यात सिलिकॉन आणि थोडे व्हॅनेडियम. हे पोलाद विमानांच्या लँडिंग गिअरसाठी वापरले जाते आणि त्याची ताकद १,९०० मेगापास्कलच्या घरात जाते. मात्र ‘३००एम जास्त ताठ असते’ हे जे सर्रास सांगितले जाते ते चूक आहे. सगळ्या पोलादांचा पिळाचा ताठपणा जवळपास सारखाच, सुमारे ८० गिगापास्कल. त्याच जाडीचा ३००एमचा दांडा मूळ दांड्याइतकाच पिळेल. फरक एवढाच की तो जास्त पिळूनही जागेवर परत येईल, आणि मूळ दांडा वाकडाच राहील किंवा तुटेल. शिवाय ३००एमला ओरखडा सहन होत नाही. जॅक घासला, दगडाने खोच पडली की तिथून तडा सुरू होऊ शकतो. घाटरस्त्यावर किंवा कच्च्यावर धावणाऱ्या गाडीसाठी हा गुण आहे की अवगुण, यावर रॅलीवाल्यांत आणि ड्रॅगवाल्यांत एकमत नाही. मला रॅलीवाल्यांचे पटते.

तिसरा पक्ष आपल्या पट्ट्यातला आहे: ईएन २४ चा गज आणा, कातून घ्या, दाते पाडा, हार्डनिंगला पाठवा. खर्च आयात शाफ्टच्या कितीतरी खाली येतो, आणि जुन्या किंवा दुर्मीळ गाडीसाठी कधीकधी हाच एक मार्ग उरतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जे मिळत नाही ते इथे बनते. हे कारागीर कमी दर्जाचे आहेत असे कुणी म्हणत असेल तर ते अन्यायाचे आहे. पंप, मिक्सर आणि प्रेसचे शाफ्ट ते वर्षानुवर्षे बनवत आले आहेत. अडचण दुसरीकडे आहे. कारखान्यात दाते रोलिंगने दाबून बसवले जातात, त्यामुळे पोलादाचे तंतू कापले जात नाहीत. लेथ-हॉबिंगवर ते कापले जातात आणि दात्याच्या मुळाशी ताण साठतो. दाते जिथे संपतात तिथला गोलवा, शॉट पीनिंग आणि कडकपणाची खोली या तीन गोष्टींवर थकव्याचे आयुष्य ठरते, आणि तिन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. ओढून पाहिल्यावर शाफ्ट मजबूत वाटतो, पण थकव्याचा तडा हजारो फेऱ्यांनंतर उमटतो.

चौथे मत वर वर पाहता विचित्र वाटते, पण विचारी मेकॅनिक ते मांडतात: शाफ्ट कमजोर असू द्या, तो घरातल्या फ्यूजसारखा आहे. तो तुटला तर एक दांडा गेला. तो तुटला नाही तर तोच धक्का डिफरन्शियल आणि गिअरच्या दात्यांवर जातो. व्हर्टस जीटी किंवा पोलो जीटी टीएसआय यांच्यातला सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी २५० न्यूटन-मीटरसाठीच बनवलेला आहे. व्हर्टस जीटीचे इंजिन मुळात तेवढेच देते. रीमॅपनंतर पहिले क्लच पॅक घसरतात, शाफ्टची पाळी क्वचितच येते. अशा गाडीत ३००एमचे शाफ्ट बसवणे हा खर्च चुकीच्या जागी झाला. या मताविरुद्ध सांगितले जाते ते असे की तुटलेला शाफ्ट हवेत फिरत राहून एबीएसची तार, ब्रेकचा पाइप किंवा गिअरबॉक्सचे कवच फोडू शकतो, आणि एका बाजूचा जोर अचानक गेला की स्टिअरिंग हिसका देते. ‘स्वस्तात तुटेल’ हे गृहीत धरता येत नाही. दोन्ही बाजूंनी उदाहरणे आहेत, नोंदी मात्र नाहीत.

नळीचा प्रश्न

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत, म्हणजे बीएमडब्ल्यू, थार किंवा जुन्या जिप्सीत, वाद पोलाद, ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर यांच्यात आहे. लांब नळीची खरी मर्यादा पिळाची नसते, गतीची असते. एका ठरावीक आरपीएमला नळी धनुष्यासारखी वाकून थरथरू लागते. तिची लांबी निम्मी केली की ही क्रांतिक गती चौपट होते. म्हणून कंपन्या दोन तुकडे करून मध्ये बेअरिंग देतात. ते काढून एकसंध ॲल्युमिनियमची नळी बसवली की वजन घटते आणि मधले बेअरिंग लागत नाही. पण वजनाच्या प्रमाणात ॲल्युमिनियम पोलादाइतकेच ताठ असते, त्यामुळे फायदा हवा तर नळी रुंद करावी लागते आणि खाली जागा असावी लागते. कार्बन फायबर या हिशेबात दोघांच्याही पुढे आहे, शिवाय तुटले तर त्याचे धागे होतात, भाला होत नाही. तरीही बीएमडब्ल्यूने एम३ आणि एम४ मधला कार्बनचा शाफ्ट २०१७ मध्ये काढून पुन्हा पोलादाचा बसवला, कारण एक्झॉस्टमधल्या नव्या फिल्टरला जागा हवी होती. इतक्या वेगवान गाडीतही शेवटी निर्णय जागेवर झाला. थारची उंची वाढवणाऱ्यांनी नळीच्या आधी क्रॉसचा कोन मोजावा, एवढे सांगून हा भाग संपवतो.

बसवताना

निवड बरोबर असूनही काम बिघडते ते बहुधा बसवताना. बाहेरच्या कपवर एबीएसची रिंग असते. काही आफ्टरमार्केट शाफ्टवर ती नसते किंवा तिचे दाते वेगळे असतात, मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि दोष सेन्सरच्या माथी मारला जातो. गाडी खाली बसवली असेल तर आतल्या जॉइंटचा कोन आणि आत-बाहेर सरकण्याची जागा दोन्ही बदलतात. बाहेरचा कप ४७ अंशांपर्यंत वळतो, आतला मात्र पंचवीसच्या आतबाहेर थांबतो. हबचा बोल्ट किंवा नट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो आणि तो टॉर्क रेंचने, नंतर ठरावीक अंशांनी आवळायचा असतो. तो आवळण्याआधी गाडी चाकांवर उतरवली तर हब बेअरिंग जाते. इम्पॅक्ट गनने ‘टर्र’ केले की झाले, असे मानणारी गॅरेजे आपल्या भागात अजून आहेत.

डाव्या-उजव्या शाफ्टच्या लांबीचाही विचार हवा. असमान लांबीमुळे जोरात सुटताना स्टिअरिंग एका बाजूला ओढते. पण जाडी असमान ठेवण्याचा फायदाही आहे. २००९ च्या कॅडिलॅक सीटीएस-व्हीत दोन बाजूंचे शाफ्ट मुद्दाम वेगळ्या ताठपणाचे दिले होते, जेणेकरून दोन्ही चाके एकाच लयीत उसळू नयेत. दोन्ही बाजूंना जितके जाड तितके चांगले, या समजुतीला यातून तडा जातो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या फेरबदलाचे बंधन आहे. फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल की ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते, अशी तिथली व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या प्रकरणात उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

मग एमएच-४३ ची गाडी जाड शाफ्ट घालून रस्त्यावर आली तर? एक बाजू म्हणते, शाफ्ट हा झिजणारा भाग आहे, त्याच मापाचा, त्याच जागी बसणारा, त्याने गाडीचे मूळ वैशिष्ट्य बदलत नाही. दुसरी म्हणते, शाफ्ट एकटा येत नाही, त्याच्यामागे रीमॅप असतो, आणि इंजिनाची ताकद व प्रदूषण बदलले की प्रश्न वेगळा होतो. दोन्ही वाचने तर्काला धरून आहेत. विमा कंपनीचा सर्वेक्षक अपघातानंतर दुसरीकडे झुकण्याची शक्यता जास्त, हे व्यवहाराने लक्षात ठेवावे. शर्यतीच्या गाडीला मोटरस्पोर्टची नियामक संस्था एफएमएससीआय हिच्या गटनियमांप्रमाणे काय बदलता येते ते आधी ठरलेले असते, त्यामुळे तिथे संदिग्धता कमी आहे.

अजून न सुटलेले

सर्वांत मोठी उणीव मोजमापाची. पुण्यात एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था १९६६ पासून आहे आणि शाफ्टच्या पिळाच्या व थकव्याच्या चाचण्या हा वाहन-उद्योगाचा रोजचा भाग आहे. पण एकच शाफ्ट बनवून घेणारा माणूस ती चाचणी करत नाही, कारण थकव्याची चाचणी म्हणजे तो शाफ्ट तोडणे. निदान कडकपणाची नोंद, तडे शोधणारी चुंबकीय तपासणी आणि वापरलेल्या गजाचे प्रमाणपत्र एवढे लेथवाल्याकडून मागता येते. मागणारे थोडे आहेत, पण तुर्भ्याच्या पट्ट्यात हे तिन्ही करून मिळते.

दुसरा प्रश्न नकलेचा. नामांकित खोक्यात साधा दांडा निघाला तर बाहेरून ओळखणे अवघड, आणि तो तुटल्यावर भांडायला पावतीही नसते.

तिसरा प्रश्न विजेच्या गाड्यांचा. चाकणला बनणारी महिंद्राची बीई ६ मागच्या चाकांवर चालते आणि ३८० न्यूटन-मीटर शून्य आरपीएमपासून देते. क्लच नसल्याने फ्लायव्हीलचा झटका नाही, पण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर लगेच ब्रेक लावते आणि शाफ्टवरचा पीळ उलटतो. सीवूड्स ते वाशी एवढ्या पाम बीच मार्गावरही हे कित्येकदा घडते. पेट्रोल गाडीच्या शाफ्टला उलटा पीळ माहीत आहे, पण इतक्या वेळा आणि इतका नाही. दात्यांमधली फट आणि थकवा यांचे जुने ठोकताळे इथे लागू होतील का, याचे उत्तर अजून वर्कशॉपच्या अनुभवातून आलेले नाही. या गाड्यांचे सॉफ्टवेअर कुलूपबंद असल्याने ताकद वाढवणारेही थोडेच आहेत. वाढीव शाफ्ट मागायला कुणी आलाच, तर त्याच्याशी पहिले बोलणे पोलादाचे होणार नाही, वॉरंटीचे होईल.